शिवेच्या दगडाखाली

मी एक जुना शिवेचा दगड आहे. मित्रांनो, दगड मुका असतो असे तुम्हाला वाटते आणि ते खरेच आहे. मला एकदाच, फक्त एकदाच ओरडता आले असते तर पुष्कळ काही वाचले असते. पण मला तोंड नव्हते. ज्यांना तोंडे होती त्यांनी ती कशासाठी वापरली, हेच आज सांगायचे आहे. गोड गोष्ट ऐकायची असेल तर खाली चर्चमधल्या घंटेकडे जा. तिला फक्त सणवार आठवतात.

मेक्सिकोच्या वाहाका प्रांतातल्या एका डोंगरावर मी उभा आहे. डोंगराच्या वरच्या अंगाला सान ब्रुनो हे गाव आणि खालच्या अंगाला सांता इनेस. मी बरोबर मधे. माझी पाठ कोणत्या गावाकडे यावरून भांडण नको, म्हणून मला दोन्ही बाजूंनी सारखेच तासले आहे. माझ्या पायाशी, जुन्या ओकच्या मुळांमधून एक झरा निघायचा. त्याला दोन्ही गावांत ‘पाण्याचा डोळा’ म्हणत. त्याचे पाणी दोन ओहोळांनी वाहे, एक खाली सांता इनेसकडे आणि दुसरा आडव्या उताराने सान ब्रुनोच्या रानांकडे.

मला घडवले तिबुर्सियो नावाच्या पाथरवटाने. तो तिसऱ्याच गावचा होता, कारण सान ब्रुनोच्या पाथरवटावर सांता इनेसचा विश्वास नव्हता आणि सांता इनेसच्या पाथरवटाचे नाव काढले की सान ब्रुनोवाले हसत. तिबुर्सियोने मला याच डोंगरातून काढले. छिन्नीचा पहिला घाव घालण्याआधी त्याने घायपाताच्या दारूचा घोट जमिनीवर ओतला, टोपी काढली आणि डोंगराची क्षमा मागितली. मला काढल्यावर राहिलेला खड्डा त्याने मातीने बुजवला आणि वर घायपाताचे रोप लावले. तेव्हा मला हे जरा अतीच वाटले होते. एक दगड काढायला एवढे सोहळे कशाला? पुढे याच डोंगरातून माल काढणारी दुसरी माणसे पाहिली तेव्हा त्या म्हाताऱ्याची फार आठवण झाली.

माझे तरुणपण मोठ्या मानाचे होते. दर वर्षी पेरणीआधी दोन्ही गावांची माणसे वाजतगाजत माझ्याकडे येत. पुढे गावकारभारी मानाच्या काठ्या घेऊन, मागे दोन्ही गावांचे बँड. सान ब्रुनोचा बँड मोठा की सांता इनेसचा, हे ठरवण्यासाठी ते बिचारे छाती फुटेपर्यंत वाजवत. मग पाण्याच्या डोळ्यातले पाणी काढून चुना कालवायचा. सान ब्रुनोने माझी वरची बाजू रंगवायची, सांता इनेसने खालची. एकाच गावाने चुना लावला तर तो लागला असे धरत नसत. दारूचा पहिला घोट माझ्या डोक्यावर पडे. इतकी वर्षे मी प्यायलो, पण माझा तोल कधी गेला नाही. तोल माणसांचा गेला.

त्या दिवसांत दोन बायका माझ्या सावलीला नेमाने बसत. सान ब्रुनोची फिदेन्सिया आणि सांता इनेसची एर्मिनिया. एकीच्या लेकराला दुसरीने बाप्तिस्म्याच्या वेळी उचलून घेतले की त्या दोघी जन्माच्या ‘कोमाद्रे’ होतात. फिदेन्सियाच्या मुलीला एर्मिनियाने उचलले होते. हे नाते आमच्याकडे बहिणीहून कडक. बहिणीशी अबोला धरता येतो, कोमाद्रेशी धरला तर देवही तोंड फिरवतो म्हणतात. दोघी पाठीला पाठ लावावी तशा माझ्या दोन बाजूंना टेकून बसायच्या आणि नवऱ्यांच्या चहाड्या करायच्या. मी मधे असल्यामुळे सगळे ऐकले आहे, पण सांगणार नाही.

फिदेन्सियाचे झेंडूचे रान त्या आडव्या ओहोळाच्या काठी, पाण्याच्या डोळ्याला लागूनच होते. मृतांच्या सणाला अर्ध्या सान ब्रुनोची फुले तिच्याकडून जात. पुढे गावाने तिला पाणी समितीची प्रमुख केले. या कामाला पगार नसतो. गावासाठी बिनमोल राबण्याला आमच्याकडे तेकियो म्हणतात, आणि तेकियो चुकवणाऱ्याच्या मयताला खांदा द्यायलाही लोक कुरकुरतात. फिदेन्सिया परकर खोचून झऱ्यात उतरायची, गाळ उपसायची, कुजकी पाने काढायची आणि वर येऊन म्हणायची, “आता कसा टकमका बघतोय!” तो झरा म्हणजे तिचे तिसरे लेकरूच होते.

मग पाइनचे एक झाड आडवे आले. माझ्यापासून जरा वरच्या बाजूला एक मोठा पाइन होता. सांता इनेसच्या चार जणांनी तो चर्चच्या छपरासाठी तोडला. झाड आपल्या हद्दीत आहे असे ते म्हणाले. सान ब्रुनोवाल्यांनी त्यांना धरले आणि गावच्या कोठडीत एक रात्र ठेवले. सकाळी सोडले, वर कॉफीही पाजली. पण पुढच्या वर्षी सांता इनेसचे कोणी चुना लावायला आले नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. माझी वरची बाजू पांढरीशुभ्र आणि खालची बाजू शेवाळाने काळी, असे माझे ध्यान झाले. दोन कोमाद्रे बाजारात दिसल्या तर एकमेकींना मान डोलवत, पण थांबत नसत, कारण गाव बघत होते.

अशा वेळी खाणवाली कंपनी आली. डोंगराच्या पोटात सोने-चांदी आहे, असे त्यांच्या यंत्रांनी त्यांना सांगितले होते. कंपनीची माणसे आधी सान ब्रुनोला गेली. ग्रामसभेने त्यांना बसायला खुर्च्या दिल्या, पाणी दिले आणि नाही म्हणून सांगितले. एका साहेबाने विचारले, “पण तुम्हाला हवंय तरी काय?” त्यावर फिदेन्सिया म्हणाली, “आत्ता प्यायलात ना, तेच.” सभेतले लोक हसले. हे मला दुसऱ्या दिवशी चरायला आलेल्या शेळ्यांच्या मालकांकडून कळले, आणि सांगताना तेही पुन्हा पोट धरून हसत होते.

त्यानंतर सान ब्रुनोने जे केले त्याबद्दल मी त्यांना शेवटपर्यंत मानीन. गावाने तेकियो डोंगराच्या राखणीला लावले. रस्त्यावर साखळी बांधली. प्रत्येक घराने आपल्या पाळीला माणूस द्यायचा, आणि कुणाचा नवरा परदेशी राबत असेल तर बायको उभी राहायची. उतारावर पाणी जिरवायला खड्डे खणले, वणव्याची पट्टी साफ केली, पाइनची रोपे लावली. बायका तिथेच चुली मांडून काळा घेवडा आणि मक्याच्या भाकऱ्या करत. कंपनीचे ट्रक साखळीपर्यंत येत, भोंगे वाजवत आणि मागे फिरत. कुणाला दमदाटी झाली, कुणाच्या दारात रात्री दगड पडले, पण पाळी कुणी चुकवली नाही.

आणि माझ्याजवळही पहारा बसला. तो मात्र कंपनीसाठी नव्हता, मित्रांनो. तो सांता इनेससाठी होता. सांता इनेसच्या काही घरांनी जुन्या ऊस-मळ्याचे रान कंपनीला भाड्याने दिले होते, एवढे कळल्याबरोबर सान ब्रुनोने ठरवले की ते गाव विकले गेले. खरे तर तिथली निम्म्याहून अधिक घरे या भाड्यावरून रोज आपल्या कारभाऱ्यांशी भांडत होती. पण हे इकडे कोण सांगणार? बोलणेच बंद होते. माझ्या पहाऱ्याचा म्होरक्या होता एवारिस्तो. माणूस हाडाचा प्रामाणिक, कष्टाला वाघ आणि डोक्याने खेचर. तो माझ्याकडे पाठ करून खालच्या वाटेवर डोळे लावून बसायचा. त्याच्या बुडाखाली काय चालले होते ते त्याला कळले नाही.

मला कळले होते. एके दिवशी दुपारी माझ्या पायाखालून एक हिसका आला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग रोज. मी दगड आहे, मला डोंगराच्या पोटातले ऐकू येते. भूकंप लांबून येतो, लाटेने येतो आणि जाताना सगळ्यांना थोडे थोडे हलवून जातो. हे तसे नव्हते. हे जवळून, एकाच जागी आणि दर वेळी जरा पुढे सरकून येत होते. पण आमच्याकडे जमीन हललेली कुणाला नवी नाही. तव्यावरची भाकरी सरकली तर बायका ती परत मधे ओढतात आणि बोलणे पुढे चालू ठेवतात. पहाऱ्यावरची माणसे हिसका बसला की नुसती कपातली कॉफी सावरत. “म्हातारी कूस बदलतेय,” असे एवारिस्तो दर वेळी म्हणायचा, आणि बाकीचे दर वेळी हसायचे.

एके दिवशी खालच्या वाटेने एर्मिनिया वर आली. धापा टाकत, डोक्यावरची शाल घसरलेली. एवारिस्तो लगेच काठी आडवी धरून उभा राहिला.

“तिथंच थांबा बाई! पुढं आमची हद्द.”

“तुझी हद्द तुझ्या खिशात ठेव,” एर्मिनिया म्हणाली. “शेंबडा होतास तेव्हा तुझं नाक मी पुसलंय याच दगडापाशी. तेव्हा कुठं गेली होती हद्द?”

पहाऱ्यावरची पोरे खिदळली. एवारिस्तो लाल झाला, पण काठी हलली नाही. त्या दिवशी चुलीपाशी फिदेन्सिया होती. ती हात पुसत पुढे आली आणि माझ्या वरच्या बाजूला थांबली. एर्मिनिया खालच्या बाजूला. इतक्या वर्षांनी दोघी माझ्याजवळ आल्या होत्या. मला फार बरे वाटले, खोटे कशाला बोलू?

“कोमाद्रे, तुमच्याकडं जमीन हलते का गं?”

“हलते की. आपल्याकडं कधी हलत नाही?”

“रोज? दुपारची जेवणं झाली की? भूकंप काय जेवायची वाट बघतो?”

फिदेन्सियाने वाकून तळवा जमिनीला टेकवला.

“ऊसमळ्यात त्यांनी पत्र्याची मोठी शेड बांधलीय,” एर्मिनिया म्हणाली. “आम्हाला वाटलं गोदाम असेल. माझा पुतण्या आत कामाला आहे. शेडच्या आत भोक आहे, कोमाद्रे. ट्रक शिरतो नि खालीच जातो. भोक ह्या बाजूला वळवलंय, रोज दुपारी सुरुंग लावतायत. पाण्याच्या डोळ्याखालनं नेतायत.”

“अहो, पण आमची हद्द ओलांडायला त्यांना परवानगी कोण देईल?” एवारिस्तो म्हणाला.

“जमिनीखाली तुझी हद्द कुणी आखलीय रे बाबा? हा दगड किती खोल आहे?”

मी फार खोल नाही, हे माझ्याइतके कुणाला ठाऊक? दोन हात जमिनीत आणि त्याखाली नुसता डोंगर.

एर्मिनियाने मग जे मागायचे ते मागितले. “तुम्ही सगळे खाली या. साखळीवर बसता ते शेडच्या तोंडाशी बसा. आम्ही पन्नासेक घरं आहोत, पण एकट्यांना ते हुसकून लावतात. दोन्ही गावं बसली तर ट्रक कुणाच्या अंगावर घालतील? दोन्ही बँड आणा. ऐकू दे त्यांना.”

“आधी त्या पाइनची माफी मागा म्हणावं तुमच्या कारभाऱ्यांना,” एवारिस्तो म्हणाला. “मग बघू.”

एर्मिनियाने त्याच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. ती फिदेन्सियाकडे बघत राहिली. फिदेन्सिया पाणी समितीची प्रमुख होती. ती चुलीवरचा तवा उतरवून खाली चालू लागली असती तर तिच्यामागून पहाऱ्यावरच्या बायका गेल्या असत्या, आणि बायका गेल्या असत्या तर पुरुषांना जावेच लागले असते. हे तिलाही माहीत होते. तिने एवारिस्तोकडे पाहिले, पोरांकडे पाहिले आणि परकराला उगाच हात पुसत राहिली.

“सभा ठरवेल, कोमाद्रे.”

“सभा ठरवेल!” एर्मिनिया म्हणाली. “बरं. डोळ्याला सांगून ठेव, सभा होईस्तोवर थांब म्हणावं.” आणि ती आल्या वाटेने उतरून गेली. त्या क्षणी मला तोंड हवे होते, मित्रांनो. मला पाय तर कधीच नव्हते, पण तोंड हवे होते.

सभा झाली. ती चांगली दिवसभर चालली असे म्हणतात. त्या सभेत एकही फितूर नव्हता, हे मुद्दाम सांगतो. प्रत्येकाला झरा वाचवायचा होता. फक्त आधी सांता इनेसने यावे, माझी खालची बाजू रंगवावी, पाइनची माफी मागावी आणि मग दोन्ही गावांनी मिळून शेडकडे जावे, असे ठरले. सांता इनेसकडून उलट निरोप आला की आधी कोठडीतल्या रात्रीची माफी मागा. मग इकडून निरोप गेला की कॉफी पाजली होती ते विसरलात काय? तिकडून आले की कॉफी पाणचट होती. निरोप्या चढून चढून दमायचा आणि दम खायला माझ्यावरच टेकायचा. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, ही म्हण तुमच्याकडे दोरासाठी असेल. आमच्याकडे अख्खा डोंगर जळला तरी तो जात नाही. दोघांचे भांडण आणि तिसऱ्याचा लाभ, आणि तिसरा माझ्या पायाखाली रोज दुपारी पुढे सरकत होता.

आधी पाण्याचा डोळा गढूळ झाला. फिदेन्सियाने दोनदा गाळ उपसला. मग धार बारीक झाली. तिने मुळांमधली माती हातांनी उकरली, मेणबत्ती लावली, मक्याची कणसे ठेवली. एका सकाळी ती आली आणि झऱ्याच्या काठावर नुसती बसून राहिली. तळाशी ओली वाळू होती. तिने तिच्यात बोटे खुपसली आणि वास घेतला. त्या वर्षी तिचा झेंडू गुडघ्याइतका वाढून जागच्या जागी वाळला. मृतांच्या सणाला सान ब्रुनोने बाजारातून प्लॅस्टिकची फुले आणली.

रस्त्यावरची साखळी मात्र शेवटपर्यंत शाबूत होती. तिच्यावरून कंपनीचा एकही ट्रक गेला नाही. पाणी गेल्यावर दोन्ही गावे शेडकडे धावली. बँडही नेले. पण बैल गेला आणि झोपा केला, असे ते धावणे होते. तोवर तिथे पक्की भिंत, फाटक आणि बंदूकवाले पहारेकरी होते. तक्रार केली तर कंपनीचा वकील मोठ्या अदबीने विचारतो, “झरा नक्की कोणत्या गावाचा होता? आधी तुमचं ठरू द्या, मग भरपाईचं बोलू.” आणि मित्रांनो, दोन्ही गावे ते अजून ठरवत आहेत.

आता माझे सांगतो. माझे दिवस पालटले आहेत. कंपनीला मी फार आवडतो. माझ्याभोवती त्यांनी लोखंडी कठडा केला, शेवाळ घासून काढले. दर वर्षी त्यांचा माणूस येतो आणि माझ्या दोन्ही बाजू तेलरंगाने पांढऱ्या करतो. मी असा गोरागोमटा कधीच नव्हतो. मी जागच्या जागी नीट उभा आहे तोवर दोन्ही गावे माझ्यावरून भांडत राहतील, हे त्यांना पक्के ठाऊक आहे.

कंपनी पाण्याचा टँकरही पाठवते. तो कुणाच्या हद्दीत थांबावा यावरून पहिल्या दिवशी डोकी फुटली, म्हणून तो माझ्यापाशी थांबतो. वरच्या बाजूला सान ब्रुनोची रांग आणि खालच्या बाजूला सांता इनेसची. परवा दोन्ही रांगा पुढे सरकत आल्या आणि माझ्या अलीकडे-पलीकडे फिदेन्सिया आणि एर्मिनिया समोरासमोर आल्या. दोघींचे केस पांढरे झाले आहेत.

“कोमाद्रे,” फिदेन्सिया हळूच म्हणाली, “त्या दिवशी मी यायला हवं होतं.”

एर्मिनियाने तिच्याकडे पाहिले. मग टँकरच्या नळीकडे पाहिले.

“बादली पुढं सरकव,” ती म्हणाली. “तुझा नंबर आलाय.”

मित्रांनो, जुन्या वस्तू आपली कहाणी सांगून झाली की हात जोडतात आणि म्हणतात, आमची निगा राखा, आम्हाला टाकू नका. माझे मागणे उलटे आहे. माझी निगा आता उत्तम राखली जाते आणि तेच माझे दुःख आहे. मला उपटा. माझ्यावरचा तेलरंग खरवडा, कठडा मोडा आणि मला दरीत लोटा. तुमच्या गावाच्या शिवेवर माझा कुणी भाऊबंद उभा असेल, तर त्याच्याकडे पाठ करून पहारा देण्याआधी पलीकडच्या माणसाला हाक मारा. आणि उपटायला याल तेव्हा एवढे ध्यानात ठेवा की मी फार जड आहे. एका गावाला मी हलणार नाही.